सव्वीस नंबरचा सभासद: एका बायनरी फाइलचं प्रकरण

परळमधल्या एका छोट्या सहकारी पतपेढीत माझी आत्या रोखपाल होती. गिरणी कामगारांनी काढलेली पतपेढी. गिरण्या गेल्या, सभासदांची मुलं विरार-बदलापूरला राहायला गेली, पण खाती इथेच राहिली. आत्या निवृत्त झाली तरी मार्च जवळ आला की तिला बोलावणं येतंच. त्या वर्षी फेब्रुवारीत तिचा मला फोन आला, "अगं, पेढीचा कॉम्प्युटर चालूच होत नाहीये. सगळे सभासद त्यातच आहेत. तू ते सी की काय शिकलीस ना? जरा येऊन बघ."

मशीन जुनं होतं आणि त्यावरचा प्रोग्रॅम त्याहून जुना. १९९३ साली एका सभासदाच्या मुलाने तो टर्बो सीमध्ये, म्हणजे सी भाषेच्या एका जुन्या कंपायलरवर, लिहून दिला होता. तो पुढे परदेशी गेला आणि मूळ प्रोग्रॅमची प्रत कुणाकडेच राहिली नाही. उरली होती फक्त चालणारी एक्झी फाइल आणि तिच्या शेजारची सभासदांची डेटा फाइल.

हार्डडिस्क जुन्या आयडीई पद्धतीची होती. लॅमिंग्टन रोडवर तिला यूएसबीला जोडणारं अडॅप्टर मिळालं. डिस्क लॅपटॉपला लावल्यावर सगळ्यात आधी मी तिची बाइटन् बाइट प्रत काढली आणि मूळ डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून पेढीच्या कपाटात परत ठेवली. पुढची सगळी चिरफाड प्रतीवरच केली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे माझ्याकडून दोन चुका झाल्या. मूळ डिस्कवर काम करत असते तर त्यातली एक चूक भरून निघाली नसती.

सभासदांची फाइल होती ५७,१५६ बाइटांची. व्हॉट्सॲपवरच्या एका फोटोहून लहान, आणि तीत तीस वर्षांची पेढी.

डॉसबॉक्समध्ये दिसलेल्या रेघा

पहिला विचार सोपा होता: जुनाच प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालवायचा. ६४ बिटांचं विंडोज १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवत नाही, म्हणून जुन्या डॉस प्रणालीची नक्कल करणारं डॉसबॉक्स घातलं. प्रोग्रॅम उघडला, आकडे नीट आले. पण नावांच्या जागी आल्या उभ्या-आडव्या रेघा आणि दुहेरी कोपरे, चौकटी आखायला वापरतात तसे.

आत्याने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आमच्या मशीनमध्ये मराठीचं कार्ड होतं." तिथे उलगडा झाला. जुन्या मशीनमध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. फाइलमधली नावं इस्की या भारतीय लिपींच्या जुन्या संकेतात साठवलेली होती आणि त्यांची देवनागरी अक्षरं पडद्यावर काढायचं काम ते कार्ड करत असे. इस्कीत 'क' म्हणजे १७९, 'द' म्हणजे १९६, 'म' म्हणजे २०४. कार्ड नसेल तर डॉसच्या मूळ अक्षरसंचात १७९ ही उभी रेघ, १९६ ही आडवी रेघ आणि २०४ हा दुहेरी सांधा. पहिल्या क्रमांकाचे सभासद कदम तीन रेघांचे होऊन बसले होते. ते कार्ड ज्या आयएसए खाचेत बसतं ती खाच आजच्या मदरबोर्डवर नसतेच. म्हणजे फाइल आपणच वाचायची, दुसरा मार्ग नव्हता.

आराखडा शोधताना

बायनरी फाइलची अडचण हीच की ती स्वतःबद्दल काही सांगत नाही. टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडली की निदान कुठला आकडा कुठे संपतो ते तरी दिसतं. इथे स्वल्पविराम नाही, नवी ओळ नाही, कुठल्या रकान्याचं नाव नाही. कुठले दोन बाइट मिळून क्रमांक होतो आणि कुठले चार मिळून शिल्लक, हे फक्त मूळ प्रोग्रॅमच्या स्ट्रक्टला (नोंदीतले रकाने एकत्र बांधणाऱ्या सीच्या साच्याला) माहीत होतं, आणि ते स्ट्रक्ट तर कुणाकडेच नव्हतं.

मी सगळे बाइट दशमान आकड्यांत छापून घेतले आणि पेन्सिल घेऊन बसले. सुरुवात '१ ०' अशी होती. चव्वेचाळीस बाइट पुढे '२ ०'. आणखी चव्वेचाळीस पुढे '३ ०'. इंटेलच्या प्रोसेसरवर संख्येचा लहान बाइट आधी लिहिला जातो आणि टर्बो सीत इंट, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटांचा असतो, म्हणून सभासद क्रमांक १ हा '१ ०' असा उतरतो आणि ३०० हा '४४ १' असा. ५७,१५६ ला ४४ ने भागलं तर बरोबर १,२९९ येतात, बाकी शून्य. पेढीच्या शेवटच्या सभासदाचा क्रमांकही १,२९९ च. म्हणजे नोंदीची लांबी नक्की झाली.

मग आतले तुकडे. क्रमांकानंतर ३१ बाइट नाव. त्यापुढे पहिल्या कित्येक नोंदींत सारखेच चार बाइट: '२०१ ७ १ ५'. सात गुणिले २५६ अधिक २०१ म्हणजे १९९३. पुढचा १ ही तारीख, ५ हा महिना. टर्बो सीच्या तारखेच्या तयार स्ट्रक्टमध्ये हाच क्रम असतो: वर्ष दोन बाइट, मग दिवस, मग महिना. "१ मेलाच तर संगणकावर सभासद चढवले ना आम्ही," आत्या म्हणाली, "जुन्या सगळ्यांना तीच तारीख टाकली." लिहिणाऱ्याने वर्ष चारही आकड्यांसकट ठेवलं होतं, म्हणून २००० साल या पेढीत काहीही न होता गेलं. त्या मुलाला मी कधी पाहिलेलं नाही, पण त्या दोन बाइटांबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

तारखेनंतर '१० ०', म्हणजे दहा भाग (शेअर). मग '१२२ २३२ १ ०', म्हणजे १,२५,०५०. कदमांची छापील शिल्लक होती १,२५० रुपये ५० पैसे. रक्कम पैशांत, चार बाइटांच्या लाँगमध्ये, म्हणजे मोठ्या पूर्णांकात. हेही शहाणपणाचंच, कारण फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, ठेवली असती तर पैशापैशाला तेरीज हलली असती. शेवटचा एक बाइट सभासदाची स्थिती: १ चालू, २ राजीनामा, ३ मृत.

एका गोष्टीने मात्र माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. कित्येक नोंदींत नाव संपल्यावर शून्य होता आणि शून्यानंतर पुन्हा अक्षरं. आधी वाटलं, वारसाचं नाव असावं. जुळवून पाहिलं तर ती आधी भरलेल्या एखाद्या लांब नावाची शेपटी निघाली. प्रोग्रॅम प्रत्येक नव्या सभासदासाठी तेच स्ट्रक्ट पुन्हा वापरत होता. छोटं नाव घातलं की शून्यापर्यंतचे बाइट बदलत आणि मागचे तसेच राहत, आणि अख्खं स्ट्रक्ट उचलून फाइलमध्ये जाई. एकाच्या नोंदीत दुसऱ्याचं अर्धं नाव. खात्यांच्या फाइलमध्ये असा उरलासुरला मजकूर राहणं मला अजिबात योग्य वाटत नाही. स्ट्रक्ट भरण्याआधी 'मेमसेट'ने शून्य करायला एक ओळ पुरते.

चौसष्ट, अठ्ठेचाळीस, चव्वेचाळीस

आराखडा हाती आल्यावर मी स्ट्रक्ट लिहिलं, जसं कॉलेजात शिकवतात तसं: इंट, ३१ कॅरेक्टर, तारीख, इंट, लाँग, कॅरेक्टर. 'एफरीड'ने एकेक नोंद उचलायची आणि छापायची. पहिल्याच सभासदाचा क्रमांक आला उणे ९९,४९,०२,०१५.

स्ट्रक्टची लांबी सांगणारं 'साइझऑफ' छापून बघितलं तर ६४. लिनक्सवर माझ्या कंपायलरचा (सी कोडवरून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्याचा) इंट चार बाइटांचा, लाँग आठ बाइटांचा. क्रमांकाने आपले दोन बाइट घेतले आणि वर कदमांचा 'क' आणि 'द' गिळला. तो उणे आकडा म्हणजे १, ०, १७९, १९६ हे चार बाइट एकत्र वाचल्यावर होणारी संख्या. हेच स्ट्रक्ट ६४ बिटांच्या विंडोजवर ५६ बाइटांचं भरतं, कारण तिथे लाँग चारच बाइटांचा असतो. इंट आणि लाँग किती बाइटांचे हे सी भाषा ठरवून देत नाही, किमान किती एवढंच सांगते.

मग सी-९९ पासून मिळणारे ठरावीक लांबीचे प्रकार घेतले, १६ बिटांचा पूर्णांक आणि ३२ बिटांचा पूर्णांक. आता ४४ यायला हवे होते. आले ४८. क्रमांक बरोबर, नाव बरोबर, पण कदम सभासद झाले इसवी सन २६३ च्या ५ ऑक्टोबरला. नाव ३२ व्या बाइटावर संपतं (मोजणी शून्यापासून) आणि तारीख ३३ व्यावर सुरू होते. पण दोन बाइटांची संख्या सम जागेवर असावी, चार बाइटांची चारच्या पटीत, म्हणजे प्रोसेसरला ती सहज उचलता येते, असा आजच्या कंपायलरचा हिशेब. म्हणून त्याने मध्ये एक रिकामा बाइट सोडला आणि तारीख ३४ पासून वाचली: ७ आणि १ मिळून २६३, मग ५, मग भागांचा १०. शेवटी आणखी तीन रिकामे बाइट. टर्बो सी मुळात असं काही सोडत नसे, सगळं खेटून बसवायचा.

'प्रॅग्मा पॅक', म्हणजे रिकामे बाइट सोडू नकोस अशी कंपायलरला सूचना, घालून स्ट्रक्ट ४४ वर आणता येतं. मी आणलं, आणि यादी धडाधड उतरली. या टप्प्यावर बरेच जण थांबतात. मलाही थांबावंसं वाटलं होतं. पण प्रॅग्मा ही भाषेची हमी नव्हे, त्या त्या कंपायलरची सोय आहे, आणि खेटलेल्या स्ट्रक्टमधल्या एखाद्या संख्येचा पत्ता पॉइंटरमध्ये घेतला तर काही प्रोसेसरांवर प्रोग्रॅम जागीच कोसळतो. मुख्य म्हणजे तीस वर्षांपूर्वी झालेली गोष्टच मी पुन्हा करत होते: फाइलचा आराखडा कंपायलरच्या मर्जीवर सोडत होते.

म्हणून स्ट्रक्ट बाजूला ठेवलं. ४४ अनसाइन्ड (चिन्हरहित) कॅरेक्टरांचा साधा अ‍ॅरे, म्हणजे ओळीने ४४ घरं, घेतला, त्यात नोंद वाचली आणि संख्या हाताने जोडल्या. पहिला बाइट, अधिक दुसरा गुणिले २५६. चार बाइटांच्या रकमेसाठी तेच, फक्त प्रत्येक बाइट आधी ३२ बिटांच्या चिन्हरहित प्रकारात बदलून मग सरकवायचा, नाहीतर शेवटचा बाइट १२७ च्या वर असला की चिन्हाच्या बिटाशी गाठ पडते. ओळी दहा-बारा वाढल्या. पण आता हा कोड कुठल्याही मशीनवर, कुठल्याही कंपायलरने तेच वाचणार होता.

यादीच्या तळाशी शेवटचा सभासद दोनदा आला आणि तेरीज त्याच्या पाचशे रुपयांनी फुगली. ही माझी पहिली चूक. मी 'फाइल संपेपर्यंत' असं 'एफइओएफ'वर वळण घातलं होतं. फाइल संपली हे वाचायचा प्रयत्न फसल्यावरच कळतं, आधी नाही. शेवटचं वाचन रिकामं गेलं आणि अ‍ॅरेत जुनीच नोंद उरली. 'एफरीड' किती बाइट मिळाले ते सांगतो, तेच बघायचं: ४४ मिळाले तर पुढे, शून्य आणि फाइल संपलेली तर थांब, मधलंच काही आलं तर फाइल तुटलेली आहे, ओरड.

पंचवीसच का?

लिनक्सवर सगळं जुळलं. रविवारी प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन पेढीत गेले. नव्या मशीनवर विंडोज होतं. तिथेच कंपाइल केला, चालवला. यादी झरझर खाली आली आणि पंचविसाव्या नावावर थांबली.

"पंचवीसच?" आत्या म्हणाली. "बाकीचे गेले कुठे?"

माझ्या पोटात गोळा आला. आधी वाटलं प्रत अर्धवट झाली. फाइलची लांबी बघितली: ५७,१५६, एक बाइट कमी नाही. पण मीच घातलेली तपासणी सांगत होती, शून्य बाइट मिळाले, फाइल संपली. तोच प्रोग्रॅम, तीच फाइल, घरी १,२९९ आणि इथे पंचवीस. अर्धा तास गेला. मग सव्विसावी नोंद कशाने सुरू होते ते आठवलं. '२६ ०'.

मी फाइल 'आरबी' या मोडने नव्हे, नुसत्या 'आर'ने उघडली होती. ही दुसरी चूक. लिनक्सवर या दोहोंत काहीच फरक नाही, म्हणून घरी ती दिसलीच नाही. विंडोजवर 'बी' नसेल तर फाइल मजकूर म्हणून उघडते, आणि मजकुरात २६ हा आकडा म्हणजे समाप्तीची खूण. ही खूण फार जुन्या काळातली आहे. सीपी-एम नावाच्या प्रणालीत फाइलची लांबी १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजत, त्यामुळे शेवटच्या ठोकळ्यात खरा मजकूर कुठे संपला हे दाखवायला कंट्रोल-झेड, म्हणजे २६, घालत. ती रीत डॉसमध्ये आली, डॉसमधून विंडोजच्या सी लायब्ररीत. परळच्या सव्वीस नंबरच्या सभासदाचा क्रमांकच ती खूण ठरला आणि तो धरून १,२७४ जण दाराबाहेर राहिले.

वाचताना निदान लगेच कळलं. लिहिताना याच चुकीने फाइल मुकाट्याने बिघडली असती. विंडोजवर मजकूर म्हणून लिहिताना प्रत्येक १० च्या आधी एक १३ घुसवला जातो, कारण तिथे नवी ओळ दोन बाइटांची असते. आमच्या बहुतेक सभासदांचे भाग दहा. खात्री करायला मी पहिल्या शंभर नोंदी मुद्दाम 'बी'शिवाय दुसऱ्या फाइलमध्ये लिहून बघितल्या. ४,४०० बाइट व्हायला हवे होते, झाले ४,४९३. त्र्याण्णव १३ जागोजागी घुसले होते आणि पहिल्या नोंदीतल्या भागांपासूनच पुढचं सगळं सरकलं होतं. हे मूळ डिस्कवर झालं असतं तर? 'बी' हे अक्षर १९८९ च्या एएनएसआय प्रमाणापासून भाषेत आहे. लिनक्सवर काम करणाऱ्यांनीही ते हाताला सवय म्हणून लावावं.

नावं

इस्कीवरून युनिकोड या आजच्या संकेतावर येणं मानलं होतं त्याहून सोपं गेलं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे, अक्षरं बोलण्याच्या क्रमानेच साठवली जातात, म्हणून २५६ घरांचं एक कोष्टक पुरलं. मात्र ते कोष्टक साध्या कॅरेक्टरने चाळायचं नाही. इंटेलवर साधा कॅरेक्टर बहुधा चिन्हासहित असतो, त्यामुळे 'क' हा १७९ न राहता उणे ७७ होतो आणि आपण कोष्टकाच्या बाहेर, भलत्याच जागेतून वाचतो. म्हणून अनसाइन्ड.

दोन जागा मराठीच्या म्हणून वेगळ्या पाहाव्या लागल्या. इस्कीत १७४ ला 'ऍ' आहे. तो तसाच घेतला तर वकील सभासदांच्या नावामागे 'ऍड.' लागतं, आपण लिहितो 'ॲड.'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, तेच घेतलं. दुसरी जागा कऱ्हाडे. हा अर्धा 'ऱ' इस्कीत २०८ आणि हलन्त २३२ असा लिहिलेला होता. माझ्या पहिल्या कोष्टकात २०८ ला मी चुकून साधा 'र' लावला होता आणि पडद्यावर 'कर्हाडे' आले. आत्याने चष्मा नाकावर सरकवला. "रफार डोक्यावर गेला बघ. ते कऱ्हाडे आहेत, रागावतील."

नव्या फाइलसाठी नावाची जागा वाढवावीच लागली. इस्कीत एक अक्षरचिन्ह एक बाइट, युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट. तीस चिन्हांना नव्वद. मी ९६ ठेवले. सुरुवातीला १६ बाइटांचं मथळापान: चार बाइटांची ओळखखूण, आवृत्ती, नोंदीची लांबी, नोंदींची संख्या. मग १२८ बाइटांची एकेक नोंद. एकूण १,६६,२८८ बाइट. लिहिताना जुन्या फाइलला हात लावायचा नाही. नवी तात्पुरती फाइल लिहायची, 'एफक्लोज' काय परत देतो तेही बघायचं (डिस्क भरली असेल तर कधी कधी तिथेच कळतं), आणि मगच नावं बदलायची. विंडोजवर त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर 'रिनेम' नकार देतो, म्हणून जुनीला आधी तारखेचं नाव द्यायचं. त्यामुळे रोजची एक जुनी प्रतही आपोआप राहते. बाइटांचा तक्ता एका कागदावर छापून सभासद नोंदवहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवला.

तेरीज जुळवायला आत्या स्वतः बसली. गेल्या महिन्याचा डॉट मॅट्रिक्सवरचा छापील कागद तिच्याकडे, पडदा माझ्याकडे. भागभांडवल जुळलं. ठेवींची बेरीज पैशापर्यंत जुळली.

राहिली ती ४१ नावं, जी तिसाव्या बाइटपर्यंत भरलेली होती. ती पुरी होती की कापलेली, हे फाइल सांगू शकत नव्हती. त्यातली सहा तर हलन्तावरच तुटलेली, जोडाक्षराचं दुसरं अक्षर तीस वर्षं बाहेरच. आत्याने कपाटातून सभासदांची आय नमुन्याची नोंदवही काढली, बोटावर थुंकी लावून पानं उलटत ती एकेक पूर्ण नाव वाचत गेली आणि मी टंकत गेले. बाहेर अंधार पडला तेव्हा एकोणतीस झाली होती. उरलेली बारा तिने दुसऱ्या दिवशी, स्वतः कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत, घातली.